गाडीविना मुंबई : रस्त्यावरच्या छायाचित्रणासाठी जागा कशा शोधाव्यात

मुंबईत रस्त्यावरचे छायाचित्रण करू पाहणाऱ्याने स्वतःची गाडी असेल तर ती घरीच ठेवावी आणि नसेल तर तिची उणीव मुळीच वाटून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. भुलेश्वर, मशीद बंदर, चोरबाजार किंवा दादरचा फूलबाजार यांपैकी कुठेही चारचाकी लावायला जागा मिळणे दुरापास्त असते. त्याहून मोठी अडचण अशी की जिथे गाडी लावली तिथेच परत यावे लागते आणि सगळी भटकंती त्या एका जागेभोवती घोटाळत राहते. लोकलने जाणारा माणूस मात्र एका स्थानकावर उतरतो, तासदोन तास पायी चालतो आणि वाटल्यास वेगळ्याच मार्गावरच्या स्थानकातून घरी परततो. मुंबईच्या रेल्वेने दिलेली ही सोय जागा शोधण्यासाठी पद्धतशीरपणे कशी वापरावी, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो. छायाचित्रणाच्या दृष्टीने ‘जागा’ म्हणजे पत्ता, वेळ आणि उजेडाची दिशा या तिन्हींचा मेळ होय. त्याच चौकात सकाळी सात वाजता आणि दुपारी एक वाजता दोन निराळ्या जागा असतात. म्हणून एखाद्याने सांगितलेल्या ‘उत्तम ठिकाणां’च्या यादीवर विसंबण्यापेक्षा हा मेळ स्वतः बसवायला शिकणे अधिक उपयोगाचे ठरते.

पहिली पायरी : नकाशावर स्थानकापासून सुरुवात

घरी बसून नकाशा पुढ्यात घ्यावा आणि एक स्थानक निवडून त्याभोवती साधारण दीड किलोमीटरचे वर्तुळ मनात आखावे. रमतगमत, थांबत चालणाऱ्या माणसाला दोन तासांत एवढाच परिसर नीट पाहून होतो. त्याहून मोठा घेतला तर पायपीट होते आणि चित्रे हाती लागत नाहीत. या वर्तुळात बाजार, पादचारी पूल, धार्मिक स्थळे, बंदर किंवा कोळीवाडा, जुन्या चाळी, आणि रेल्वेतून उतरलेले लोक ज्या एकाच अरुंद वाटेने बाहेर पडतात अशी तोंडे शोधावीत. शेवटचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण माणसे जिथे नाइलाजाने एकवटतात तिथे छायाचित्रकाराला त्यांच्या मागे धावावे लागत नाही. उपग्रहाचे चित्र आणि रस्त्यावरून घेतलेली दृश्ये पाहून इमारतींची उंची, गल्लीची रुंदी आणि फलकांची दाटी यांचा अंदाज येतो. मात्र शहर फार भराभर बदलते आहे. भेंडीबाजारातील जुन्या इमारती पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत, त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या दृश्यावरून आजची गल्ली ओळखता येईलच असे नाही.

दुसरी पायरी : एका मार्गावरून दुसऱ्या मार्गाकडे चालणे

दक्षिण मुंबईत मध्य आणि पश्चिम हे दोन रेल्वेमार्ग बऱ्याच अंतरापर्यंत जवळजवळ समांतर धावतात आणि त्यांच्यामधला पट्टा पायी ओलांडण्याजोगा आहे. शहरातील सर्वांत दाट वस्ती, जुने बाजार आणि गिरण्यांचा भाग याच पट्ट्यात आहे. म्हणून पूर्वेकडच्या स्थानकावर उतरून पश्चिमेकडच्या स्थानकावर शेवट करावा, किंवा उलट. वाट एकदाच चालावी लागते आणि प्रत्येक पाऊल नव्या जागेवर पडते.

सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते चर्चगेट ही नवख्याने करावी अशी पहिली वाट आहे. फोर्टमधून, आझाद मैदान आणि क्रॉस मैदान यांच्या मधल्या खाऊगल्लीतून ती जाते. संडहर्स्ट रोडवरून भेंडीबाजार आणि चोरबाजार करत ग्रँट रोड गाठता येते. करी रोडवरून लोअर परळला जाणारी वाट आखूड आहे, पण गिरणगावातल्या उरल्यासुरल्या चाळी आणि काचेचे मनोरे एकाच चौकटीत तिथे सहज येतात.

माझी सर्वांत आवडती वाट मशीद स्थानकापासून चर्नी रोडपर्यंतची आहे. मशीद बंदरच्या बाजूला मसाले, सुकामेवा आणि किराण्याची घाऊक दुकाने आहेत, त्यामुळे हातगाड्या आणि पाठीवर पोती घेतलेले हमाल यांची ये-जा अखंड चालू असते. तिथून मोहम्मद अली रोड ओलांडून झवेरी बाजार आणि मुंबादेवीचे देऊळ, मग भुलेश्वरच्या गल्ल्या, पुढे सीपी टँक, आणि शेवटी गिरगावातली खोताची वाडी. शेवटचा बदल विलक्षण आहे. दोन तास माणसांच्या रेट्यात काढल्यावर लाकडी सज्जे आणि जिने असलेल्या जुन्या घरांची शांत वाडी लागते आणि तिथे चित्र काढण्याची रीतही बदलावी लागते. वाडीत लोक राहतात. त्यांच्या खिडक्यांत कॅमेरा घालू नये आणि आवाजही बेताचाच ठेवावा.

तिसरी पायरी : जागेची घटका ओळखणे

प्रत्येक बाजाराला स्वतःचे घड्याळ असते. दादरचा फूलबाजार पहाटे चारच्या सुमारास जागा होतो आणि सकाळी नऊनंतर ओसरू लागतो. चर्चगेट स्थानकाबाहेर डबेवाले साडेअकराच्या आसपास डबे उतरवून त्यांची वाटणी करतात. त्यांची संख्या पूर्वीपेक्षा घटली असली तरी ते दृश्य अजून पाहायला मिळते, पण केवळ कामाच्या दिवशी. मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट हे कापडबाजार रविवारी बंद असतात. चोरबाजारातील नेहमीची दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुन्या वस्तूंचा जुम्मा बाजार भरतो. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर, विशेषतः मिनारा मशिदीच्या आसपास, खरी वर्दळ इफ्तारनंतर सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत टिकते. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी इतके ओस असतात की इमारती, लांब सावल्या आणि एखादाच माणूस अशी चित्रे हवी असतील तर त्यासारखी वेळ नाही. ओव्हल मैदानावर मात्र त्याच वेळी क्रिकेटची गर्दी लोटलेली असते.

नव्या ठिकाणाची वेळ ठाऊक नसेल तर तिथल्या चहावाल्याला विचारावे. माल कधी येतो, गर्दी कधी असते, कोणत्या वारी बंद, हे त्याच्याइतके नेमके कोणीही सांगत नाही.

चौथी पायरी : उजेडाचे गणित

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्यातून छायाचित्रकाराच्या कामाच्या अनेक गोष्टी निघतात. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो व उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. या काळात दुपारचा उजेड चेहऱ्यांवर डोळ्यांच्या खोबणीत काळोख पाडतो आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो आणि माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. म्हणून डबेवाल्यांसारखा दुपारचा विषय हिवाळ्यात हाती घ्यावा.

गल्लीची दिशा तितकीच महत्त्वाची आहे. उंच इमारतींमधल्या पूर्व-पश्चिम गल्लीत सकाळ-संध्याकाळ उजेड लांबवर आत शिरतो, तर उत्तर-दक्षिण गल्लीत तो दुपारच्या आसपास थोडा वेळच जमिनीपर्यंत पोहोचतो. शिवाय सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. जूनमध्ये तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे मावळतो, त्यामुळे जो रस्ता मार्चमध्ये उजेडाने भरून जातो तोच डिसेंबरात एका बाजूच्या इमारतींच्या सावलीत बुडालेला असू शकतो. सूर्याची दिशा तारखेनुसार नकाशावर दाखवणारी मोबाइल अ‍ॅप्स उपलब्ध आहेत. निघण्यापूर्वी ती पाहावीत.

एकच उदाहरण खोलात पाहू. सीएसएमटीची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि तिचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चाकरमान्यांचे लोंढे स्थानकातून बाहेर पडतात, पण त्या वेळी इमारत सावलीत असते आणि सूर्य तिच्या पाठीशी असतो. संध्याकाळी उन्हे थेट दगडी कामावर पडतात आणि लोक स्थानकाकडे परतू लागतात. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणजे गर्दी भरात येण्याआधीच उजेड जातो. मे महिन्यात सूर्यास्त सातनंतर असतो आणि सहा ते पावणेसात या वेळात सोनेरी ऊन व परतीची गर्दी एकत्र सापडतात. एकाच इमारतीसमोर ऋतू बदलला की चित्र असे बदलते, आणि ‘सीएसएमटीला जा’ या सल्ल्यातून यातले काहीच कळत नाही.

मार्ग-ते-मार्ग चालण्यातही दिशेचा विचार करावा. सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे निघाल्यास ऊन पाठीवर येते आणि समोरचे रंग, चेहरे, दुकानांच्या पाट्या स्वच्छ दिसतात. तीच वाट सकाळी उलट चालल्यास ऊन समोरून येते. मग चहाची वाफ, धूप, धूळ आणि माणसांच्या काळ्या आकृत्या यांची चित्रे मिळतात. दोन्ही चांगलीच, पण आपल्याला काय हवे आहे ते स्थानकावर उतरण्याआधी ठरलेले असावे.

पाचवी पायरी : प्रवासाची आखणी

कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी साडेपाचपासून नऊपर्यंत उत्तरेकडे येणाऱ्या लोकलमध्ये कॅमेऱ्याची पिशवी घेऊन चढणे इष्ट नाही. साडेसातच्या आत दक्षिणेला पोहोचावे आणि दुपारीच परतावे, किंवा रात्री उशिरा परतावे. पिशवी पाठीवर न ठेवता पोटाशी धरावी. इतरांना त्रास होत नाही आणि आपले सामानही सुरक्षित राहते. रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचे वेळापत्रक अवश्य पाहावे, नाहीतर ज्या स्थानकावर शेवट करायचा तिथे गाडीच थांबत नाही अशी वेळ येते. मध्यरात्रीनंतर साधारण एक ते चार या वेळात लोकल बंद असतात. फूलबाजारासाठी पहाटेच्या पहिल्या गाड्यांपैकी एक धरली की पुरते. दिवसभर चढ-उतार करायची असेल तर उपनगरी रेल्वेचे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते.

वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, त्यामुळे तिकडे चालणे, बेस्टची बस आणि टॅक्सी एवढेच पर्याय राहतात. बस ही नुसती प्रवासाची सोय नाही. नवा भाग न्याहाळण्याचे ते उत्तम साधन आहे. अनोळखी रस्त्यावर पहिल्यांदा बसने, खिडकीशी बसून, शेवटच्या थांब्यापर्यंत जावे आणि जिथे काही दिसेल त्या थांब्याचे नाव टिपून ठेवावे. दक्षिण मुंबईत विजेवर चालणाऱ्या डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर एरवी न दिसणारे सज्जे, पाट्या आणि पहिल्या मजल्यावरचे संसार डोळ्यांच्या पातळीवर येतात. भुयारी मेट्रोची ३ क्रमांकाची मार्गिका २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून काळबादेवी आणि गिरगाव या नावांची स्थानकेच तिथे आली आहेत, त्यामुळे दुपारच्या उन्हात जुन्या बाजारांच्या मधोमध उतरता येते.

होडीही विसरू नये. मेट्रोने वर्सोव्याला जाऊन तिथल्या कोळीवाड्यातून मढला जाणारी होडी घेतली, तर काही मिनिटांत खाडीपलीकडे जाता येते. पावसाळा संपल्यावर या किनाऱ्यांवर बांबू बांधून केलेल्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असतात. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात बंदरावरची लगबग पाहायला जाऊ नये, जाळी विणणारी आणि होड्यांची डागडुजी करणारी माणसे पाहायची असतील तर जरूर जावे.

सहावी पायरी : जागेवर थांबणे

ठिकाणी पोहोचल्यावर लगेच कॅमेरा बाहेर काढू नये. आधी एक फेरी रिकाम्या हाताने मारावी, उजेड कुठे पडतो आणि लोक कुठून कुठे जातात ते पाहावे, मग एक कोपरा निवडून तिथे किमान वीस मिनिटे उभे राहावे. पहिली पाच मिनिटे लोक आपल्याकडे पाहतात, नंतर विसरतात.

दादरचा फूलबाजार घ्या. पश्चिमेला उतरून बाहेर येताच ओल्या पानांचा आणि निशिगंधाचा वास येतो. झेंडूच्या राशी, शेवंतीचे भारे, दुर्वांच्या जुड्या, आंब्याचे डहाळे, सगळे जमिनीवर ताडपत्रीवर मांडलेले असते आणि वर पिवळे दिवे लोंबत असतात. सूर्योदयाच्या साधारण अर्धा तास आधी आकाश निळसर होते, दिवे अजून चालू असतात आणि पिवळा व निळा उजेड एकाच चौकटीत येतो. हा मेळ पंधरा-वीस मिनिटेच टिकतो आणि त्यासाठीच पहाटे उठायचे असते. कॅमेऱ्याला रंग स्वतः ‘सुधारू’ देऊ नयेत. रंगसंतुलन (व्हाइट बॅलन्स) दिवसाच्या उजेडावर कायम ठेवावे, म्हणजे दिव्याचा पिवळेपणा तसाच राहतो. दोन विक्रेत्यांच्या मधल्या वाटेच्या तोंडाशी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. डोक्यावर हारा घेतलेला माणूस त्या वाटेने येणारच आणि ‘बाजूला, बाजूला’ असे ओरडतच येणार. त्याची वाट अडवू नये. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथे झेंडूचे ढीग माणसाच्या कमरेच्या वर जातात, पण गर्दीही तशीच असते. नवख्याने आधी साध्या दिवशी जाऊन जागा पारखून ठेवावी.

साधनांबद्दल थोडक्यात. मोबाइल पुरतो. कॅमेरा असेल तर लहान असावा आणि २८ किंवा ३५ मिमीचे एकच भिंग (लेन्स) त्यावर असावे. पूर्ण आकाराच्या (फुल-फ्रेम) संवेदकावर २८ मिमीच्या भिंगाने छिद्राचे माप एफ ८ ठेवून अडीच मीटरवर फोकस पक्का केला, तर सुमारे १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंतचे सारे पुरेसे सुस्पष्ट येते आणि गर्दीत फोकस शोधण्यात क्षण निसटत नाही. शटरचा वेग चालत्या माणसाला १/२५० सेकंद आणि धावत्या हातगाडीला १/५०० सेकंद लागतो. आयएसओ, म्हणजे उजेडाला असलेली संवेदनशीलता, आपोआप वाढू द्यावा.

सातवी पायरी : माणसे आणि मनाई

रस्त्यावर काम करणाऱ्याचा चेहरा जवळून टिपायचा असेल तर विचारावे. ‘दादा, एक फोटो काढू का?’, ‘मावशी, हार ओवताना काढू का?’ एवढे वाक्य पुरे होते आणि बहुतेक वेळा होकार मिळतो. नकार मिळाला तर तो तिथेच मान्य करून पुढे जावे. फुले, फळे, चहा असे काही विकणाऱ्याकडून आधी काहीतरी विकत घ्यावे. त्याची बोहनी खोटी करून वर फोटो मागणे बरे नव्हे. लहान मुले, अंघोळ करणारी किंवा फुटपाथवर झोपलेली माणसे, आजारी आणि भीक मागणारे यांची चित्रे घेऊ नयेत असे मी मानतो. महालक्ष्मीचा धोबीघाट स्थानकालगतच्या पुलावरून उत्तम दिसतो. खाली उतरायचे असेल तर तिथल्या लोकांना विचारूनच उतरावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसमुदाय दर्शनासाठी, श्रद्धेने आलेला असतो. तिथे छायाचित्रकाराने रांगेत मध्ये येऊ नये आणि कोणालाही थांबवून उभे करू नये.

मनाईची ठिकाणे आधीच ठाऊक असलेली बरी. नौदलाच्या गोदीच्या आसपास कॅमेरा पिशवीतच ठेवावा. ससून गोदी १८७५ पासूनची आहे आणि पहाटेचा मासळीबाजार मोहात पाडणारा आहे, पण तो बंदराचा परिसर आहे. फाटकावर परवानगी विचारल्याशिवाय चित्रण करू नये, आणि हाच नियम भाऊच्या धक्क्याला लावावा. रेल्वे आणि मेट्रोच्या हद्दीत कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) उभी करणे म्हणजे सुरक्षा कर्मचाऱ्यांना बोलावणेच होय, आणि व्यावसायिक चित्रणाला तिथे रीतसर परवानगी लागते. पोलिसाने हटकले तर वाद न घालता काय करतो ते सांगावे, चित्रे दाखवावीत.

आठवी पायरी : पाऊस आणि उत्सव

पावसाळ्यात गाडीवाल्यांची कोंडी होते आणि पायी चालणाऱ्याला छत्र्या, प्रतिबिंबे आणि ओले डांबर मिळते. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या दिवशी मरीन ड्राइव्हवर लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. कठड्यापासून दूर, रस्त्याच्या इमारतींकडच्या बाजूला उभे राहावे, तिथूनच माणसे आणि लाट दोन्ही चौकटीत मावतात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी येणार असेल तर शहराचे सखल भाग तुंबतात आणि लोकलही रखडतात, त्यामुळे परतीची शेवटची वेळ नेहमीपेक्षा अलीकडे ठरवावी. रबरी चपला, कॅमेऱ्यासाठी प्लास्टिकची पिशवी आणि एक कोरडा पंचा एवढे सामान पुरते.

अनंत चतुर्दशीला लालबाग ते गिरगाव चौपाटी या भागातले अनेक रस्ते वाहनांसाठी बंद असतात आणि रात्री जादा लोकल सोडल्या जातात. त्या दिवशी चौपाटीवर जाण्यापेक्षा मिरवणुकीच्या वाटेवरची एखादी आडगल्ली गाठावी, जिथे ढोलताशावाले टेकतात, पाणी पितात, घाम पुसतात. गुढीपाडव्याची गिरगावातली शोभायात्रा सकाळी असते आणि ऊन लवकर कडक होते, म्हणून सुरुवातीचा पहिला तासच धरावा. तिथे जाण्यासाठी चर्नी रोड सोयीचे.

नववी पायरी : नोंदवही

प्रत्येक फेरीनंतर परतीच्या लोकलमध्येच चार ओळी लिहाव्यात : कोणते स्थानक, कोणत्या बाजूने बाहेर पडलो, किती वाजता ऊन कोणत्या भिंतीवर होते, गर्दी कुठून येत होती, पुन्हा कोणत्या महिन्यात यावे. ‘झवेरी बाजार, छान’ अशी नोंद सहा महिन्यांनी काही सांगत नाही. ‘मुंबादेवीच्या अलीकडची गल्ली, सकाळी पावणेनऊ, डाव्या भिंतीवर ऊन, दुकाने नुकतीच उघडतात, फेब्रुवारीत पुन्हा’ अशी नोंद सांगते. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये खुणा करताना ठिकाणाच्या नावाऐवजी वेळ आणि महिना लिहावा. एखाद्या जागी निरनिराळ्या ऋतूंत तीनदा जाऊनही काही हाती लागले नाही तर ती वहीतून खोडून टाकावी आणि त्याच वाटेवरचे पुढचे स्थानक घ्यावे.